ऑडिटचा कागद कुणासाठी असतो?

(चिखला येथे प्रभाग संघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

ताईंनो, काकू, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी,

आजचा विषय ऑडिट आहे म्हटल्यावर सकाळीच दोघीतिघींनी मला विचारलं, "मॅडम, ऑडिट म्हणजे आपल्या गटाचंच ना? ते तर झालं." गटाचं झालं, हो. आज मी ग्रामपंचायतीच्या ऑडिटबद्दल बोलणार आहे. आणि जोडीला आणखी एक गोष्ट: गावातली बातमी आपल्यापर्यंत पोचते कशी, आणि मध्येच कुठे अडते. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. हिशोब कितीही चोख लिहिला आणि तो कपाटातच राहिला, तर तो आपल्यासाठी लिहिलाच नाही असं समजा.

आधी आपल्या गटाकडे बघू. पंचसूत्रीतली पाचवी गोष्ट काय? नोंदी. महिन्याच्या बैठकीत सचिव वही उघडते, बचत किती जमली, कर्ज कुणाला दिलं, परतफेड कुणाची राहिली, हातात किती आणि बँकेत किती, सगळं वाचून दाखवते. वीस रुपयांचा फरक निघाला तर आपण चहा थंड होईस्तोवर वही सोडत नाही. आजी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांना आकडा बरोबर आठवतो. आता मला सांगा, जी बाई वीस रुपयांसाठी वही उलटीपालटी करते, ती ग्रामपंचायतीच्या लाखांच्या वहीबद्दल एक शब्द का विचारत नाही? तिला समजत नाही म्हणून नव्हे. ती वही तिच्यासमोर कधी उघडलीच नाही म्हणून.

ग्रामपंचायतीचा पैसा येतो कुठून? घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो, तो ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा. या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दुसरा मोठा हिस्सा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी सांगितलं होतं की शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छतेवरच लावायचे. म्हणजे बोअरवेलचा हातपंप, नळाची पाइपलाइन, नाली, हीच कामं. पाण्याचा गुंड कोण उचलतं? मग त्या साठ रुपयांचा हिशोब कुणी विचारायचा?

या सगळ्याचं ऑडिट होतं. सरकारचं स्थानिक निधी लेखापरीक्षा नावाचं खातं आहे, वित्त विभागाखालचं, १९३० च्या कायद्यापासून चालत आलेलं. ते लोक रोकड वही बघतात, पावती पुस्तकं बघतात, प्रत्येक खर्चाचं प्रमाणक म्हणजे बिल जोडलंय का ते बघतात, कामाची मोजमाप पुस्तिका बघतात. काही चुकलं असेल तर आक्षेप लिहितात. "प्रमाणक आढळून आले नाही", "साठा नोंदवहीत नोंद नाही", "दरपत्रके मागविली नाहीत", अशा भाषेत. एखादी रक्कम अजिबातच पटली नाही तर ती वसूलपात्र म्हणून दाखवतात. मग ग्रामपंचायतीने प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यायचं. त्याला अनुपालन अहवाल म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं आहे: तुम्ही विचारलं ते आम्ही असं दुरुस्त केलं, एवढंच.

आता लक्ष देऊन ऐका, कारण आजच्या भाषणातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. आपला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्याचं आठवं कलम म्हणतं की आर्थिक वर्ष लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची. आणि त्या ग्रामसभेपुढे वर्षाचा जमाखर्च ठेवायचा, मागच्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल ठेवायचा, यंदाची कामं ठेवायची, आणि शेवटच्या ऑडिटची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची. म्हणजे ऑडिटचा कागद गावापुढे मांडणं ही कुणाची मेहेरबानी नाही, आणि आपण तो मागितला तर ते भांडण नाही. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. एप्रिल लागला आहे. मे संपायच्या आत ही ग्रामसभा व्हायला पाहिजे. बहुतेक गावांत ती १ मे ला धरतात.

आणि १ मे ला आपण कुठे असतो? तेंदूपत्त्याला. पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडके बांधत. दहा वाजताच्या ग्रामसभेला बाई येणार कुठून? पंधरा ऑगस्टची ग्रामसभा घ्या, पाऊस लांबला असला तर रोवणी सुरूच असते. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. तारीख ठरवणाऱ्याला रोवणी करावी लागत नाही, म्हणून त्याच्या ध्यानातच येत नाही. हे ध्यानात आणून देणं आपल्यावर आहे.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यात जो आकडा कमी असेल तो. पाचशे मतदारांचं गाव असेल तर पंचाहत्तर, दोन हजारांचं असेल तर शंभर. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते. ठीक. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी आपण कामावर गेलो, दुसऱ्या वेळी आपल्याला कुणी सांगितलंच नाही, आणि पंधरा-वीस माणसांत वर्षाचा जमाखर्च मंजूर. कागदावर "ग्रामसभेने एकमताने मंजूर केले." त्या एकमतात आपलंही मत धरलेलं असतं बरं का!

इथे बातमीचा मुद्दा येतो. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. ती दिली जाते, बहुतेक वेळा खरंच दिली जाते. फलकावर कागद लागतो, दवंडी होते, आता तर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो. सचिव साहेबांना विचारा, ते म्हणतील, "आम्ही कळवलं." आणि ते खोटं बोलत नाहीत. पण कळवलं आणि कळलं यात फरक आहे. फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, तिकडून आपला रस्ताच नाही. दवंडी मोठ्या रस्त्याने जाते, टोलीवर येत नाही. आणि मोबाइल घरात एकच, तो मालकाच्या खिशात.

मोठ्या संस्था काय करतात माहीत आहे? हिशोबाचं ऑडिट करतात तसं निरोपाचंही ऑडिट करतात. एक निरोप धरतात आणि तो कुठून निघाला, किती जणांपर्यंत पोचला, पोचेपर्यंत काय उरला हे तपासतात. त्यासाठी त्या पैसे देऊन माणसं बोलावतात. आपल्याला पैसे लागणार नाहीत, दहा घरं लागतील.

करायचं असं. मागच्या ग्रामसभेनंतर प्रत्येक ग्रामसंघातल्या दोघींनी दहा घरं फिरायची. आपल्याच ओळीतली दहा नको. दोन घरं चौकातली, दोन टोलीवरची, एक एकट्या राहणाऱ्या बाईचं, एक खाणीत ड्युटीवर जाणाऱ्याचं, एक जिथे नवी सून आहे ते, अशी. प्रत्येक घरी बाईलाच विचारायचं: ग्रामसभा झाली हे तुला माहीत आहे का? सभेच्या आधी कळलं की नंतर? कुणी सांगितलं? तिथे काय ठरलं? आणि शेवटचा प्रश्न, तुला काही सांगायचं असतं तर कुणाला सांगितलं असतंस? उत्तर जसं येईल तसं लिहायचं. "माहीत नाही" हेही उत्तर आहे, ते गाळायचं नाही. कुणाला शिकवायला बसायचं नाही, "अगं तुला एवढंही माहीत नाही का" असं तर चुकूनही म्हणायचं नाही. आपण तिची परीक्षा घेत नसून निरोपाची घेत आहोत.

ही दहा घरांची वही घेऊन सरपंचांकडे गेलात तर बोलणंच बदलतं. "बायांना काही कळवत नाही" म्हटलं की समोरचा चिडतो. "दहातल्या सात घरी सभेनंतर कळलं, टोलीवर कुणालाच नाही" म्हटलं की तो विचारतो, मग काय करू? तेव्हा सांगायचं: दवंडी टोलीवर फिरवा, सूचनेची एक प्रत ग्रामसंघाला द्या, आम्ही गटागटात वाचू. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती खरोखरची घ्या. ती सभाही कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टर घरोघरी फिरवून होते. सही मागायला आलेल्याला पाणी द्या, पण सभा कुठे आहे ते विचारून मगच सही करा.

सहीवरून एक अवघड गोष्ट बोलते. अवघड अशासाठी की ती आपल्याच बाईची आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या अर्ध्या जागा बायांसाठी राखीव झाल्या, आणि अनेक गावांत सरपंच झाली ती बचत गटातूनच आलेली बाई आहे. ग्रामपंचायतीच्या पैशावर सरपंच आणि सचिव अशा दोघांची सही चालते. एका गावातल्या सरपंच ताई, नाव गाव सांगत नाही, मला म्हणाल्या, "मला फक्त सांगतात, इथे सही कर." घरचे सांगतात, कधी ऑफिसातले सांगतात. पण ऑडिटमध्ये रक्कम वसूलपात्र निघाली तर नोटीस सही करणाऱ्याच्या नावाने येते. जे बाजूला बसून सांगत होते त्यांच्या नावाने येत नाही. त्या ताईंना अशी नोटीस आली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी ते बिल वाचलं.

म्हणून काही जणी मला म्हणतात ना, "मॅडम, सरपंच आपल्याच गटाची आहे, तिला कशाला अडचणीत आणायचं?", तर मला ते उलटं वाटतं. ग्रामसभेत आपण ऑडिटचा कागद मागितला की त्या बाईला घरी सांगता येतं, "गावातल्या बाया विचारून राहिल्या, मला वाचल्याशिवाय सही करता येणार नाही." आपल्या प्रश्नाचा तिला आधार होतो. एकटीने नाही म्हणणं किती जड असतं हे तुम्हाला मी काय सांगावं. फक्त प्रश्न विचारण्याच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगा, उद्या हे विचारणार आहोत. भर सभेत तिला चकित करू नका.

आता आपल्या चिखल्याची गोष्ट. इथे जमिनीखाली मँगनीज आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, दोन्ही मॉयलच्या खाणी आपल्याच तुमसर तालुक्यात. आपली घरं याच धुळीत उभी आहेत. २०१५ मध्ये खाणींच्या कायद्यात बदल झाला आणि खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान उभं करायचं ठरलं. खाणीमुळे ज्यांना त्रास होतो त्या गावांच्या भल्यासाठी हा पैसा. हिशोब असा: जुन्या खाणपट्ट्यांवर खाणवाल्याने सरकारला शंभर रुपये स्वामित्वधन भरलं, तर वरून तीस रुपये या प्रतिष्ठानात भरायचे. हा पैसा कशावर लावायचा हेही लिहून ठेवलं आहे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान साठ टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण, कौशल्य अशा कामांवर लावायला सांगितलं होतं. प्रतिष्ठानचं दरवर्षी ऑडिट व्हायचं, आणि ते वार्षिक अहवालासोबत सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, हेही त्यातच आहे.

मी हात वर करायला सांगितले तेव्हा या खोलीत खनिज प्रतिष्ठानचं नाव ऐकलेल्या किती जणी होत्या ते तुम्ही पाहिलंच. मी इथे कुणी पैसा खाल्ला असं म्हणत नाही. कागद पाहिल्याशिवाय असं म्हणायचंही नसतं, ही ऑडिटची पहिली शिस्त आहे. मी एवढंच म्हणते की ज्यांच्या नावाने हा पैसा जमा होतो, त्यांना त्याचं नावही माहीत नसेल, तर निरोप मध्ये कुठेतरी अडला आहे. भंडाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयापासून चिखल्यापर्यंत तो कुठे अडतो हे शोधणं, हेच आपल्या दहा घरांच्या वहीचं पुढचं पान.

"आपण कोण विचारणारे?" ही शंका येते, मला माहीत आहे. राजस्थानात हीच शंका होती. तिथे मजूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना १९९० मध्ये उभी राहिली, दुष्काळी कामांवर जाणाऱ्या मजुरांची, त्यात बाया भरपूर. मजुरी पूर्ण मिळत नव्हती आणि विचारलं की उत्तर यायचं, वहीत तुमचं काम कमी भरलंय. बरं, वही दाखवा. वही दाखवणार नाही, ती सरकारी आहे. तेव्हा त्यांनी ठरवलं की वहीच बाहेर काढायची. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. काय केलं? फार मोठं काही नाही. मिळालेली कागदपत्रं गावासमोर मोठ्याने वाचली. या कामावर अमक्याचं नाव, इतके दिवस, इतके रुपये. आणि समोर बसलेली माणसं उठून सांगू लागली, मी तर त्या कामावर गेलोच नाही. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा त्या लढ्यातली. तिथून पुढे माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. आपल्या महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात सतरावं कलम आलं, कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करावं असं. अंकेक्षण म्हणजे ऑडिटच. मोठ्याने वाचण्यापासून सुरू झालेली गोष्ट कायद्यात जाऊन बसली.

आणि आपल्याला तर मोठ्याने वाचायची सवय आहे. दर महिन्याला करतोच.

मागायचं कसं, ते सांगते. आधी तोंडी विचारा, नीट. सचिव साहेबांकडे चार-पाच गावांचा भार असतो, त्यांच्यावर धावून जाण्यात अर्थ नाही. तोंडी नाही झालं तर साधा अर्ज, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर: पहिल्या ग्रामसभेत शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि तिचं अनुपालन वाचून दाखवावं ही विनंती. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. त्यानेही नाही झालं तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. झेरॉक्स नको असेल तर "अभिलेखाची पाहणी करायची आहे" असं लिहा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. आणि ज्यांच्या पोरीकडे चांगला मोबाइल आहे त्यांनी ई-ग्रामस्वराज वर आपल्या ग्रामपंचायतीचं नाव टाकून बघा. २०२० पासून तिथे गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. कॉलेजात जाणाऱ्या नातीला हे काम सांगा, ती दहा मिनिटांत काढून देईल.

कागद हातात आल्यावर सगळं समजलं पाहिजे असं नाही. एकच काम निवडा, जे तुमच्या पायाखालचं आहे. नालीच घ्या. कागदावर किती मीटर? टेप घेऊन जा आणि मोजा. हातपंप दुरुस्ती दाखवली आहे? त्या पंपावर पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, दुरुस्ती करणारा केव्हा आला होता. शिलाई मशीन वाटपाची यादी आहे? यादीतल्या नावांच्या घरी जा. बरोबर निघालं तर ग्रामसभेत तसंही सांगा, "आम्ही मोजलं, बरोबर आहे." हे सांगायला विसरतो आपण. चोख काम करणाऱ्या सचिवाला कुणी कधी शाबासकी देत नाही, आणि मग चोख राहण्यात त्यालाही गोडी राहत नाही.

शेवटचं, आपल्या घरातलं. दुसऱ्याची वही मागायची तर आपली आधी उघडी पाहिजे. आपल्या प्रभाग संघाचं ऑडिट झालं तेव्हा त्याचा कागद कार्यालयात आला. प्रभाग संघाच्या बैठकीला आलेल्या अध्यक्षांना तो कळला. त्यांनी ग्रामसंघात सांगितला का? ग्रामसंघाने गटात सांगितला का? गटातल्या मागच्या रांगेतल्या बाईला आज माहीत आहे का, की समुदाय गुंतवणूक निधीतला किती पैसा तिच्या ग्रामसंघात आला आणि कुणाकुणाला गेला? पाच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर निरोप थोडा सांडतो. म्हणून दहा घरांची पहिली फेरी आपण ग्रामपंचायतीसाठी करणार नाही, स्वतःसाठी करणार. प्रश्न तेच, फक्त ग्रामसभेच्या जागी प्रभाग संघाची ही आजची बैठक.

प्रत्येक ग्रामसंघाने आत्ताच दोघींची नावं मला लिहून द्या. लिहिता न येणाऱ्या बाईसोबत लिहिता येणारी, अशी जोडी करा. लिहिता न येणारी प्रश्न चांगले विचारते, माझा अनुभव आहे. वह्या मी आणल्या आहेत, टेबलावर ठेवल्या आहेत. पंधरा दिवसांनी त्या वह्या घेऊन इथेच जमू. त्या दिवशी प्रभाग संघाच्या लेखापाल ताई आपल्या ऑडिटचा अहवाल पहिल्या पानापासून वाचणार आहेत, त्यांनी हो म्हटलं आहे. दोन तास लागतील, तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आतली तारीख धरली आहे. डबा घेऊन या.